सुरी कुठून फिरवायची?

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या चौथ्या वाढदिवसाच्या केकवर एक डुकरीण होती. टीव्हीवरची, गुलाबी, नाकाच्या दोन भोकांसकट. फोंडंटचा तो चेहरा इतका हुबेहूब जमला होता की आल्या आल्या सगळ्यांनी आधी त्याचेच फोटो काढले. मग मेणबत्ती फुंकून झाली, टाळ्या झाल्या, भाचीच्या हातात सुरी दिली गेली. तिच्या हातावर आणखी तीन मोठे हात आले आणि सुरी त्या चेहऱ्याच्या बरोबर मधून, दोन डोळ्यांच्या मधोमध खाली गेली.

भाची रडायला लागली. आम्हाला वाटलं, फुगा फुटला म्हणून घाबरली. तर ती म्हणाली, "तिला लागलं ना."

सगळे हसले. भावोजी हसले, आई हसली, मीही हसले. तो व्हिडिओ अजून आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे आणि अधूनमधून कुणीतरी तो पुन्हा वर आणतं. हसली नाही ती फक्त ताई. कारण केक तिनंच केला होता, दोन रात्री जागून.

ताई खांदा कॉलनीत राहते आणि घरून केकच्या ऑर्डरी घेते. खांदेश्वर स्टेशनवरून चालत गेलं तर दहा-बारा मिनिटांत तिचं घर येतं. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधलं दोन खोल्यांचं घर. त्यातला अर्धा ओटा आणि अख्खा फ्रीज केकचा. मी पुस्तकांबद्दल लिहिते, ती केक करते. आमची कामं एकमेकींच्या वाटेला जात नव्हती. यंदा गेली. भाचीनं पाचव्या वाढदिवसाला 'पुस्तकाचा केक' मागितला आणि ताईनं मला फोन केला. "तू पुस्तकवाली ना? मग सांग, काय करू?"

त्या फोनपासून मी चित्रपुस्तकांच्या केककडे समीक्षकाच्या नजरेनं बघायला लागले. इथे चव, क्रीम, किंमत हे काही नाही. प्रश्न एवढाच आहे : पुस्तकावरून केलेला केक ते पुस्तक वाचतो का? की नुसतं त्याचं मुखपृष्ठ चाटतो?

*

ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर येते ती अशी : वजन किती, एगलेस का, फ्लेवर कोणता, थीम काय. थीमच्या उत्तरात बहुतेकदा एक नाव येतं. गोष्टीचं नाही, पात्राचं. अस्वल, ससा, डुकरीण, उंदीर, कोळीमाणूस. नावाबरोबर एक फोटो येतो, कुणीतरी आधी केलेल्या केकचा. ताई त्या फोटोचा केक करते, त्याचा फोटो काढते, तो पुढच्या कुणाला तरी जातो. मूळ चित्र या साखळीत फार मागे राहिलेलं असतं. पिवळा जरा जास्त पिवळा होतो, डोळे मोठे होतात, आणि तीन-चार केकनंतर ते पात्र फक्त केकवर दिसतं तसंच दिसायला लागतं.

पात्राला पुस्तकातून असं उचलून नेणं आजचं नाही. बीट्रिक्स पॉटर या इंग्लिश लेखिका-चित्रकर्तीनं १९०२ साली पीटर ससा बाजारात आणला आणि १९०३ साली त्याच्या बाहुलीची नोंदणीही स्वतःच करून टाकली. पुस्तकातल्या ससोबाचं पुस्तकाबाहेर दुकान चालू शकतं, हे तिला इतरांच्या खूप आधी कळलं होतं. त्यामुळे 'बाजारानं पुस्तकं पळवली' असा गळा काढण्यात अर्थ नाही. कधी कधी चित्रकारच दार उघडून देतो.

पण उचलताना काय सांडतं, ते बघायला हवं. कार्टूनमधलं पात्र सगळीकडे जवळपास सारखंच असतं. ते एका चेहऱ्यात मावतं. चित्रपुस्तक तसं मावत नाही. त्यात चित्र एका पानावर असतं आणि गोष्ट दोन पानांच्या मधे. पान उलटताना मूल क्षणभर थांबतं, अंदाज बांधतं, मग 'अय्या' म्हणतं. चांगल्या चित्रपुस्तकाची सगळी करामत त्या थांबण्यात आहे. केकला मात्र पानंच नाहीत. तो टेबलावर येतो तेव्हाच सगळा दाखवून मोकळा झालेला असतो.

निदान आपण तो तसा करतो.

*

आता सगळ्यात जास्त केक झालेलं चित्रपुस्तक घेऊ. एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', १९६९ सालचं. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या मुलाकडे जाड पुठ्ठ्याची प्रत असेलच. अंड्यातून निघालेला सुरवंट सोमवारी एक फळ खातो, मंगळवारी दोन, असं करत शुक्रवारपर्यंत पाच. शनिवारी तो ताळतंत्र सोडतो आणि दहा वेगवेगळे पदार्थ चापतो. त्यातला पहिला पदार्थ कोणता, माहितीये? चॉकलेट केकचा तुकडा. त्या रात्री पोटात दुखतं. रविवारी तो एक हिरवं पान खातो आणि बरं वाटतं. मग कोष, मग फुलपाखरू.

या पुस्तकाची कल्पना कार्लना कागदांना भोकं पाडायच्या यंत्रावरून सुचली. कागदाच्या थप्पीला पडलेलं भोक बघून त्यांना पुस्तकातली अळी आठवली. आधीच्या खर्ड्यात नायक एक साधी अळीच होती. संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांच्याशी बोलता बोलता तिचा सुरवंट झाला. पानांत खरोखरची भोकं, आणि पानांची रुंदी फळांच्या संख्येप्रमाणे वाढत जाणारी. असं पुस्तक अमेरिकेत परवडेल अशा भावात छापून मिळेना, म्हणून ते जपानमध्ये छापून घेतलं. एवढा उपद्व्याप का? तर त्या भोकात मुलाचं बोट जावं म्हणून. हे पुस्तक नायकानं खाल्लेलं आहे, हे मुलाला बोटानं कळतं.

आणि या पुस्तकाचे केक बघा. लाल डोकं, हिरवे डोळे, हिरव्या गोळ्यांचं वळणदार शरीर. ताईनंही तसे कितीतरी केलेत. तिच्या फोनमध्ये अख्खा फोल्डर आहे. सगळे सुबक, सगळे मेलेले. कारण या पुस्तकात सुरवंट खातो. केकवर सुरवंट बसून असतो आणि आपण त्यालाच खातो. गोष्ट उलटी फिरली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. भोकं तर मी बघितलेल्या एकाही केकमध्ये नव्हती. रविवारचं हिरवं पान तर सोडाच. पोट दुखल्याची गोष्ट केकवर कोण काढणार?

खरं तर याच्याइतकं केकला सोयीचं दुसरं पुस्तक नसेल. आतल्या थरांतून आरपार एक भोक ठेवायचं, त्यात जॅम भरायचा. सुरी फिरली की प्रत्येक तुकड्यात भोक दिसेल. सुरवंट वर दिसायचीही गरज नाही, तो खाऊन पुढे गेलाय. मी हे ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि गिऱ्हाइकानं विचारलं, सुरवंट कुठाय, तर?" प्रश्न बरोबर आहे. मी म्हटलं, "सांग, फुलपाखरू झालं." ती म्हणाली, "आणि पैसे कापले तर?"

समीक्षकाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून समीक्षा सोपी असते.

*

दुसरं पुस्तक मी भाचीला वाचून दाखवलं नाहीये, पण ताईला दाखवलं. मॉरिस सेंडॅक यांचं 'इन द नाइट किचन', १९७० सालचं. मिकी नावाचा मुलगा रात्री अंथरुणातून घरंगळत थेट केकच्या पिठात पडतो. तीन जाडजूड आचारी त्याला पिठात कालवतात आणि भट्टीत सारतात. ऐन भाजताना मिकी डोकं वर काढून सांगतो की तुम्ही समजताय ते दूध मी नव्हे. मग कणकेचं विमान करून उडतो, दुधाच्या मोठ्या बाटलीत सूर मारतो आणि आचाऱ्यांना हवं ते दूध मिळवून देतो.

तिन्ही आचारी हुबेहूब ऑलिव्हर हार्डीसारखे काढलेत. भट्टीत सारलं जाणारं मूल आणि सेंडॅक यांच्या ज्यू घराण्यातले युरोपात मारले गेलेले नातेवाईक, यांचा संबंध अनेक वाचकांनी लावला आहे. तो लावल्यावर हे पुस्तक पुन्हा पूर्वीसारखं गोड वाटत नाही. पण पाच वर्षांच्या मुलासाठी त्यातली साधी गोष्ट पुरेशी आहे : मोठी माणसं तुला कशात तरी कालवतील, तू सांगू शकतोस की मी ते नाही.

ताईनं पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ती रडली ते बरोबरच होतं."

मला हे वाक्य लिहायला जमलं नसतं. मुलांना चित्रातला चेहरा हा चेहराच असतो. आपण रोज रात्री त्या चेहऱ्यावर बोट ठेवून 'बघ, ही हसतेय, बघ, ही रडतेय' असं शिकवतो. शिकवून झालं की वाढदिवसाला त्याच चेहऱ्यावर सुरी धरायला लावतो आणि वर म्हणतो, 'काय वेडी आहे, केकच तर आहे.' ती वेडी नव्हती. आम्ही शिकवलेलं तिला आलं होतं.

*

मग मी केकच्या पुस्तकांकडे वळले. ऑस्ट्रेलियात १९८० साली एका बायकांच्या साप्ताहिकानं मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं पुस्तक काढलं : 'द ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली चिल्ड्रन्स बर्थडे केक बुक'. मुखपृष्ठावर आगगाडीचा केक. आत पोहण्याच्या तलावाचा केक, ज्यातलं पाणी म्हणजे जेली. बदकाचा केक, ज्याची चोच बटाट्याच्या वेफर्सची. त्या पुस्तकावर तिथली पिढीच्या पिढी वाढली. 'ब्लूई' बघणाऱ्यांना दुसऱ्या सीझनमधला तो बदकाच्या केकचा भाग आठवेल, ज्यात बाबा घामाघूम होऊन केक उभा करतो. ते बदक याच पुस्तकातलं.

मला त्यातली दोन गोष्टी आवडतात. एक, ते केक दुकानात मिळणाऱ्या साध्या खाऊनं सजवलेले आहेत, त्यामुळे ते थोडे वाकडेच होतात आणि वाकडे झाले तरी चालतं. दुसरं, मुलं ते पुस्तक आधी मांडीवर घेऊन चाळायची आणि मग आपला केक निवडायची. म्हणजे केकचं पुस्तकच त्यांचं चित्रपुस्तक झालं होतं. निवडायला वेळ लागायचा, पानं उलटावी लागायची. थांबणं तिथे होतं.

आणखी एक उदाहरण. २००० सालापासून १ एप्रिलच्या आसपास जगात बऱ्याच ठिकाणी 'खाण्याच्या पुस्तकांचा' उत्सव होतो. लोक पुस्तकाची आठवण करून देणारा पदार्थ करून आणतात, मांडतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी खाऊन टाकतात. ज्यूडिथ हॉफबर्ग आणि बेआट्रीस कोरों या दोघींनी तो सुरू केला. तारीख निवडली ती ब्रिया-सावारँ या फ्रेंच खाद्यलेखकाच्या जन्मदिवसाची. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी, २ एप्रिलला, हान्स अँडरसनचा जन्मदिवस आणि जागतिक बालपुस्तक दिन. आज पुस्तक खा, उद्या वाच! या उत्सवातले मी फोटोत बघितलेले चांगले पदार्थ पुस्तकाची नक्कल करत नाहीत. ते शीर्षकावर कोटी करतात, गोष्टीतला एक प्रसंग पकडतात, बघणाऱ्याला ओळखायला लावतात.

माझ्या मनात आपली चिऊ-काऊची गोष्ट आली. काऊचं शेणाचं घर, चिऊचं मेणाचं, आणि पाऊस. दोन घरं केकवर मांडून ठेवली तर ते नुसतं देखाव्याचं काम. पण काऊचं घर आधी कापायचं आणि त्यावर वरून दुधाची धार सोडायची, असं केलं तर? पाऊस पडला, घर वाहून गेलं. आणि चिऊच्या घरावर खरोखरच मेण, म्हणजे मेणबत्त्या. ताईला ही कल्पना पटली. आईला नाही. "शेण म्हणून केक खायला लावाल पोरांना?" असं म्हणून तिनं विषय संपवला. राजा मंगळवेढेकरांच्या गाण्यातला चॉकलेटचा बंगला कर, असं तिचं म्हणणं. बंगला चांगलाच आहे, पण त्यात काही घडत नाही. तो स्वप्नात बघायचा बंगला. कापला की संपला.

*

शेवटी निर्णय भाचीनंच घेतला. ताईनं तिच्यासमोर तिची सगळी पुस्तकं ठेवली आणि म्हणाली, "यातलं निवड." तिनं 'बाबांच्या मिशा' काढलं.

माधुरी पुरंदरे यांचं हे पुस्तक प्रथम बुक्सनं काढलंय. एक लहान मुलगी, तिचे बाबा आणि बाबांच्या मिशा, एवढाच ऐवज. पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. जे. जे.मध्ये शिकलेल्या, पुढे पॅरिसला मुद्राचित्रण शिकून आलेल्या. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांची राधा, त्यांचा यश, ही मुलं आपल्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहत असावीत अशी आहेत. राधा घरातल्या माणसांची ओळख करून देते. त्या घरात राजपुत्र नाही, परी नाही, बोलणारी डुकरीण नाही. माणसं आहेत आणि ती जशी बसतात तशी बसलेली आहेत.

आणि म्हणूनच त्यांच्या पुस्तकांचे केक होत नाहीत. हे मला आधी तक्रारीसारखं वाटायचं. मराठी मुलांच्या केकवर मराठी पुस्तकं का नाहीत, वगैरे. आता ते उलट कौतुकाचं वाटतं. यशला टी-शर्टावर छापता येत नाही, कारण तो चेहऱ्याने ओळखायचा मुलगाच नाही. तो काय करतो त्यावरून ओळखायचा आहे. जे चित्र पानातून सुटं होत नाही, ते त्या पानावर नीट रुजलेलं असतं. केकवाल्यांना ते गैरसोयीचं, वाचणाऱ्यांना सोयीचं.

पण भाचीनं ते पुस्तक समीक्षेसाठी काढलं नव्हतं. भावोजी मर्चंट नेव्हीत आहेत. यंदा वाढदिवसाला ते जहाजावर होते, आणि त्यांना मिशा आहेत.

ताईनं पहिलं स्केच काढलं ते नेहमीच्या सवयीनं : गोल केक, त्यावर बाबांचा चेहरा, झुपकेदार मिशा. भाचीनं बघितलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "आणि मग बाबांना कापायचं?"

ताईनं कागद उलटा करून ठेवला.

*

आता कामाचं बोलू. मे महिना, पनवेल. खाडी जवळ असल्यामुळे हवेत इतका दमटपणा की सकाळी डब्यात भरलेली पापडी संध्याकाळी वातड. अशा हवेत फोंडंट म्हणजे साखरेचं पीठ घाम सोडतं. फ्रीजमधून काढलं की त्यावर पाणी जमतं, रंग ओघळतात. क्रीम उभं राहत नाही. फोटो केकची साखरेची शीट लावली तर कडा आधी सुरकुततात. त्यामुळे ताई उन्हाळ्यात गनाश वापरते, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं डार्क चॉकलेट. नेहमी चॉकलेट आणि क्रीम सारखं घेतात; उन्हाळ्यात चॉकलेट दुप्पट. ते घट्ट बसतं आणि सुरीखाली फुटत नाही.

फोटो केकचा पर्याय आमच्यासमोरही होता. पुस्तकातलं पान स्कॅन करायचं, खायच्या शाईनं छापायचं, चिकटवायचं. अर्ध्या तासाचं काम. इथे थोडं कायद्याचं. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या चौदाव्या कलमात चित्राची कोणत्याही रूपात नक्कल करण्याचा हक्क चित्राच्या मालकाला दिलाय, आणि सपाट चित्र त्रिमितीत उभं करणंही त्यात येतं. म्हणजे छापील शीटही आली आणि फोंडंटची डुकरीणही आली. हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. घरच्या वाढदिवसाला कुणी पोलीस पाठवत नाही हे खरं. पण घरी करून खाणं वेगळं आणि ऑर्डर घेऊन विकणं वेगळं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर मोकळ्या परवान्याच्या गोष्टी आणि चित्रं मिळतात. ती वापरता येतात, बदलता येतात, विकताही येतात. अट मुख्यतः एकच : लेखक-चित्रकाराचं नाव द्या.

नाव द्या! मी ताईच्या फोनमधले सगळे केक पुन्हा बघितले. एकाही केकखालच्या पुठ्ठ्यावर चित्रकाराचं नाव नव्हतं. वाढदिवस कुणाचा हे साखरेनं लिहिलं होतं, दुकानाचा स्टिकर होता, चित्र कुणाचं ते नव्हतं. पुस्तकांवर लिहिताना मीसुद्धा कितीदा लेखकाचं नाव देऊन चित्रकाराला गाळलंय, ते तेव्हा आठवलं. हिशेब करायला बसले नाही, पण आकडा चांगला नसणार.

मग केक ठरला. एक किलोचा, साधा गोल, वर पांढरं गुळगुळीत क्रीम. त्यावर काहीही नाही. चेहरा नाही, पात्र नाही, पान नाही. फक्त कडेनं, प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला येईल अशा अंतरावर, गनाशच्या मिशा. बारा तुकडे, बारा मिशा. झुपकेदार, पिळदार, तलवारकट, एक चार्ली चॅप्लिनची. नोझलनं मिशी काढणं दिसतं तितकं सोपं नाही. मधून सुरू करून बाहेर ओढायची आणि शेवटी हात हलकेच उचलायचा, म्हणजे टोक वर वळतं. ताईनं स्टीलच्या ताटात पंचवीस-तीस मिशा गिरवल्या. मी त्या खाल्ल्या.

पुठ्ठ्यावर, भाचीच्या नावाच्या खाली, तिनं चॉकलेटनं लिहिलं : माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकावरून.

आलेल्या लोकांनी फोटो फारसे काढले नाहीत. "थीम काय आहे?" असं दोघा-तिघांनी विचारलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अजून सजवायचा राहिलाय का?" केक काय करणार आहे हे त्याच्याकडे बघून कळतच नव्हतं. मला आतून बरं वाटत होतं आणि ताईचा चेहरा पडला होता.

भाचीनं सुरी घेतली. यंदा तिच्या हातावर कुणी हात ठेवला नाही. दोन मिशांच्या मधे जागा होती, तिथून तिनं सुरी फिरवली. कुणाला लागलं नाही.

मग मुलांनी तुकडे हातात घेतले. मिशी वरच्या बाजूला, कडेला, म्हणजे घास घेताना थेट ओठांवर. पहिल्या घासाला एका मुलाला मिशी आली. दुसऱ्यानं त्याला बघितलं आणि मुद्दाम तोंड दाबलं. दोन मिनिटांत खोलीत दहा-बारा मिशीवाली पोरं होती, आणि सगळी एकमेकांचे बाबा झाली होती. 'अभ्यास झाला का?', 'मोबाइल ठेव आधी', 'मी ऑफिसला चाललो'. एक मुलगी कमरेवर हात ठेवून नुसतीच येरझाऱ्या घालत होती. तिचे बाबा तसे असावेत. काकूंनी पण शेवटी मिशी लावून घेतली. पान उलटलं होतं.

*

समीक्षा करायची म्हणते, तर दोषही सांगते. केक पुस्तकासारखा अजिबात दिसत नव्हता. पुरंदऱ्यांची रेषा त्यात कुठेच नव्हती. त्यांच्या चित्रातली माणसं ज्या मायेनं आणि बारकाईनं काढलेली असतात, त्याचा मागमूस नाही. चॅप्लिनची मिशी पुस्तकाशी संबंध नसलेली, निव्वळ ताईची हौस. कुणी फोटो बघून पुस्तक ओळखू शकलं नसतं. आणि पुठ्ठ्यावरचं नाव मोठ्यांपैकी कितीजणांनी वाचलं? एका बाईंनी वाचलं आणि विचारलं, "या पण केक करतात का?" ताईनं पुस्तक आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. एवढ्यासाठी पुठ्ठ्यावर लिहायला हरकत नाही.

रात्री भाचीनं तोंड धुवायला नकार दिला. बाबांचा फोन येईल तेव्हा त्यांना मिशी दाखवायची होती. जहाजावरून नेटवर्क कधी मिळेल याचा भरवसा नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. गनाश वाळून गालाकडे तडकायला लागलं होतं. ती बोलतसुद्धा नव्हती, मिशी मोडेल म्हणून.

फोन साडेदहाला आला. तोवर ती सोफ्यावर झोपली होती. ताईनं तिला उठवलं नाही. फक्त फोन तिच्या चेहऱ्यावर धरला. पलीकडे भावोजी काहीच बोलले नाहीत. चित्र अडकलंय असं मला वाटलं. मग त्यांनी आपल्या मिशीवर बोट फिरवलं.

गेल्या आठवड्यात ताईला एक ऑर्डर आली. दीड किलो, एगलेस, अस्वल. तिनं विचारलं, "कोणत्या गोष्टीतलं अस्वल? कोणतं पान?"

बराच वेळ दोन निळ्या टिका. मग उत्तर आलं : "जे सोपं पडेल ते करा ताई."

तिनं मला स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "अस्वल येऊन गेलंय, मधाचं भांडं रिकामं पडलंय, असं करू का?"

मी लिहिलं, "कर." आणि जरा थांबून, "अ‍ॅडव्हान्स घेऊन ठेव."